दाबलेल्या हवेची वाट
रंगगोळीच्या बंदुकीतील हवेचे दोष आणि त्यांचे निदान

जबलपूर शहराच्या जुन्या भागात, १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण देणाऱ्या कमानिया दरवाज्यापासून जवळच, बडा फुहारा हा गजबजलेला चौक आहे. फुहारा म्हणजे कारंजे. चौकाभोवती आता कापडाची, दागिन्यांची आणि नाना जिनसांची दुकाने आहेत आणि ग्राहकांच्या गर्दीत चौकाच्या नावाचा अर्थ सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. परंतु ज्याला दाबाखाली वाहणाऱ्या पदार्थाचे वर्तन समजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रारंभ कारंज्यापासूनच करावा हे चांगले.

कारंज्याची धार किती उंच जाईल हे कशावरून ठरते? उंचावरील टाकीत पाणी जितक्या उंचीवर असेल, तेवढ्याच उंचीवर जाण्याचा धारेचा प्रयत्न असतो. हवेच्या विरोधामुळे व नळातील घर्षणामुळे ती थोडी उणी पडते एवढेच. परंतु मधल्या नळात कोठे गाळ साचला तर काय होते पाहा. तोटी बंद ठेवून दाब मोजला, तर तो पूर्वीइतकाच भरतो. पाणी स्थिर असल्यामुळे गाळाचा अडथळा त्याला जाणवतच नाही. तोटी उघडताक्षणी मात्र धार उसळते आणि लगेच खाली बसते. टाकी भरलेली, दाब पुरेसा, तरीही कारंजे निर्जीव! दोष टाकीत नसून वाटेत असतो.

स्थिर दाब आणि वाहता दाब यांतील हा भेद ज्याने मनात पक्का केला, त्याला पुढील सर्व विवेचन सोपे जाईल. या पुस्तिकेचा विषय पाणी नसून हवा आहे आणि यंत्रही कारंजे नसून एक खेळण्याची बंदूक आहे. तथापि नियम तेच आहेत.

रंगगोळीची बंदूक

इंग्रजीत ज्याला पेंटबॉल म्हणतात, त्या खेळाचे हत्यार मुळात खेळासाठी जन्मास आलेच नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील एका रंग-कंपनीने जंगलखात्याच्या लोकांसाठी एक पिस्तूल विक्रीस आणले. तोडावयाच्या झाडांवर दुरूनच रंगाची खूण करता यावी, हा त्याचा हेतू. म्हणूनच आजही त्या बंदुकीला मार्कर, म्हणजे खूण करणारी, असे म्हणतात. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाच्या रानात बारा जणांनी हे पिस्तूल घेऊन निशाण पळविण्याचा एक खेळ मांडला, आणि पेंटबॉल खेळ सुरू झाला. आज भारतातील मोठ्या शहरांतही त्याची मैदाने आहेत.

रंगगोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि अंदाजे ३ ग्रॅम वजनाची असते. तिचे कवच जिलेटिनचे असून आत पाण्यात धुतला जाणारा रंग असतो. खेळाच्या नियमांप्रमाणे तिचा वेग दर सेकंदास ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, यापेक्षा अधिक असता कामा नये. हिशेब केल्यास अशा गोळीची ऊर्जा सुमारे १२ ज्यूल भरते. आपल्या नेमबाजांच्या दहा मीटर हवाई रायफलीच्या छऱ्याची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. हे लक्षात घेतले म्हणजे डोळ्यांवर मुखवटा न चढविता या खेळण्यासमोर उभे राहणे किती अविचाराचे आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

हवेची वाट

दोष शोधण्यापूर्वी निर्दोष यंत्र कसे चालते, ते पाहू. हवा प्रथम सिलिंडरमध्ये असते. तेथे तिचा दाब बाहेरील वातावरणाच्या दाबाच्या दोनशे किंवा तीनशे पट असतो. सिलिंडरच्या तोंडावरच पहिला दाबनियामक बसविलेला असतो. कारागीर त्यास रेग्युलेटर म्हणतात. तो हा दाब साठ-पट किंवा त्याहूनही कमी करतो. पुढे जोडणीमध्ये एक लहानशी टाचणी असते. सिलिंडर पुरता फिरवून बसविला म्हणजे ती टाचणी झडप दाबते आणि हवा पुढे सरकते. तेथून एखादी जाड रबरी नळी, क्वचित दुसरा दाबनियामक, आणि शेवटी बंदुकीच्या पोटातील लहानशी कोठी. कोठीच्या टोकाला मुख्य झडप असते.

चाप ओढला की अडकण सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने घोडा झडपेवर आदळतो. झडप क्षणभर उघडते. हवेचा एक भाग गोळीला नळीतून बाहेर लोटतो. साध्या बंदुकांत दुसरा भाग मागे वळून घोड्याला पुन्हा मागे ढकलतो आणि अडकणीत अडकवितो. म्हणजे हवेला येथे दोन कामे आहेत, गोळी फेकणे आणि बंदूक पुन्हा सज्ज करणे. हे दुसरे काम विसरणारा मनुष्य हमखास चुकीचे निदान करतो.

एक उदाहरण

समजा, बडा फुहाऱ्याच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या एका उत्साही तरुणाने आपली जुनी बंदूक सुधारण्याचे मनात घेतले. कार्बन डायॉक्साइडच्या सिलिंडरऐवजी त्याने दाबलेल्या हवेचा सिलिंडर आणला. सिलिंडर पाठीवर बांधता यावा म्हणून लांब नळी जोडली. सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन-पट्टी सर्व आट्यांवर गुंडाळली. दुसरा दाबनियामक बसविला, आणि घोड्याची स्प्रिंगही अधिक ताठ घातली. सारे एकाच संध्याकाळी!

दुसऱ्या दिवशी पहिली गोळी झकास गेली. तिसरी मंदावली, पाचवी चार पावलांवर पडली. मग एकदा चाप ओढताच बंदूक आपोआप तडतडू लागली, आणि चाप सोडला तरी थांबेना. तरुणाने विचार केला की दाब कमी पडत असावा. सबब त्याने दाबनियामकाचा स्क्रू आवळला. आता पहिली गोळी मर्यादेपेक्षा फार वेगाने सुटू लागली, आणि पाचवी पूर्वीसारखीच पडली.

हे कोडे कसे सोडवावे? आपण क्रमाने जाऊ.

प्रथम सिलिंडर तपासू. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरमध्ये दाब हाच साठ्याचा हिशेब असतो. १६६२ साली बॉइलने मांडलेल्या नियमानुसार, तपमान तेच असेल तर दाब निम्मा झाला म्हणजे हवाही जवळजवळ निम्मी उरली. येथे दाबमापक सिलिंडर भरलेला असल्याचे सांगतो. साठा निर्दोष आहे.

मग बंदूक स्वस्थ ठेवून दुसऱ्या दाबनियामकानंतरचा दाब पाहू. काटा स्थिर आहे. पाच मिनिटे थांबलो, तरी तो चढत नाही. हे महत्त्वाचे आहे. नियामकाच्या बैठकीत कचरा असता किंवा ती झिजली असती, तर काटा हळूहळू वर सरकला असता. अशा दोषात विश्रांतीनंतरची पहिलीच गोळी फाजील वेगाने जाते आणि सलग मारा केल्यास पुढील गोळ्या नेमस्त जातात. येथे पहिली गोळी फाजील जाते ती नियामक मुद्दाम आवळल्यामुळे, आणि पुढील गोळ्या नेमस्त न जाता कोसळतात.

आता गोळ्या न घालता, नळीचे तोंड सुरक्षित दिशेस धरून चाप भराभर ओढू आणि काट्याकडे पाहू. काटा प्रत्येक वेळी खाली येतो आणि परत चढण्यास फार वेळ घेतो. हेच ते बसलेले कारंजे! स्थिर दाब पुरा, वाहता दाब अपुरा. कोठीत आधीच साचलेल्या हवेवर पहिली गोळी निभावते. नंतरच्या गोळ्यांना वाटेवरून येणाऱ्या हवेवर अवलंबून राहावे लागते, आणि ती वाट चिंचोळी झालेली आहे.

तडतडण्याचे रहस्यही येथेच उलगडते. अननुभवी मनुष्यास वाटते की बंदूक आपोआप सुटते, त्या अर्थी दाब जास्त असला पाहिजे. खरी गोष्ट उलट आहे. हवा अपुरी असल्यामुळे घोडा पुरता मागे जात नाही. अडकणीपर्यंत पोहोचण्याआधीच स्प्रिंग त्याला पुढे लोटते, तो पुन्हा झडपेवर आदळतो, आणि हे चक्र चालूच राहते. त्यात नवी स्प्रिंग अधिक ताठ, म्हणजे अशक्त हवेवर अधिक बोजा!

मग वाट कोठे अडली? सर्व दाब सोडून लांब नळी काढली आणि सिलिंडर सरळ बंदुकीला जोडला. दोष तसाच राहिला. म्हणजे नळी निर्दोष. पुन्हा दाब सोडून दुसऱ्या नियामकाच्या तोंडाशी असलेली बारीक गाळणी उघडली. तीत पांढऱ्या पट्टीचे तंतू अडकले होते. गळती थांबविण्यासाठी जी पट्टी गुंडाळली, तिनेच वाट बुजविली होती. गाळणी साफ केली, आट्यांवरील चिंध्या काढल्या आणि दोष नाहीसा झाला. परंतु काम संपले नाही. आवळलेला नियामक पूर्वस्थितीस आणला पाहिजे, जुनी स्प्रिंग परत घातली पाहिजे, आणि वेगमापक यंत्रावर गोळीचा वेग मोजला पाहिजे. नाही तर आता मोकळ्या झालेल्या वाटेने तीच बंदूक दुखापत करणारी ठरेल.

या उदाहरणातील मुख्य चूक पट्टीची नव्हे. एकाच वेळी पाच बदल केले, ही मुख्य चूक होय. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर मोजमाप घ्यावे. प्रयोगशाळेतील हा नियम दुरुस्तीच्या बाकावरही तितकाच खरा आहे.

गळती आणि गळतीचा भास

गळती शोधण्याची रीत आपल्या सायकलवाल्याने केव्हाच सिद्ध केलेली आहे. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवितो आणि बुडबुडे पाहतो. बंदूक पाण्यात बुडविता येत नाही, म्हणून सांध्यांवर साबणाचे पाणी कुंचल्याने लावावे. बुडबुड्याची जागा हीच दोषाची जागा. हवा बंदुकीच्या नळीतून सतत फुसफुसत असेल, तर मुख्य झडपेची बैठक खराब समजावी. नियामकाच्या बारीक छिद्रातून येत असेल, तर आतील दट्ट्याचे रबरी कडे झिजले आहे.

हे रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, दिसावयास क्षुल्लक पण कामास थोर. पूर्वीच्या हवाई बंदुकांत ते काम चामडे करीत असे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवाई रायफल स्वीकारली होती, परंतु हवेचे भांडे हाताने भरण्यास लागणारे अपार श्रम आणि नाजूक सांधे यांमुळे ती सैन्यात फार काळ टिकली नाही. हातपंपाचा चामडी वायसर सुकला म्हणजे पंप पाणी ओढीत नाही, हे आपण पाहतोच. डेन्मार्कमध्ये जन्मलेले संशोधक नील्स क्रिस्टेन्सन यांना रबरी कड्याचे अमेरिकी पेटंट १९३९ साली मिळाले. हे कडे थंडीने ताठरले म्हणजे काय अनर्थ होतो, ते जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातात पाहिले. सात अंतराळवीर त्यात मृत्युमुखी पडले. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात धरून, थंड रबर पूर्ववत् होण्यास कसे विलंब लावते, ते साऱ्यांसमक्ष दाखविले.

कधी कधी गळती नसताही गळतीचा भास होतो. सिलिंडर वेगाने भरला की आतील हवा तापते. समजा, भरताना ती ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि दाब दोनशे-पट दिसला. घरी आणीपर्यंत ती ३० अंशांवर निवली, तर दाब सुमारे १८२-पट भरेल. एक बुडबुडाही निसटलेला नाही, केवळ उष्णता गेली आहे. सिलिंडर सावकाश भरणे हाच यावर उपाय.

जबलपूरचा उन्हाळा आणि बेलफास्टचा शास्त्रज्ञ

आपल्या तरुणाने कार्बन डायॉक्साइड सोडून हवा स्वीकारली, हा निर्णय मात्र योग्य होता. त्याचे कारण मनोरंजक आहे.

कार्बन डायॉक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपाने असतो आणि द्रवावरील वाफेचा दाब केवळ तपमानावर अवलंबून असतो. शून्य अंशाला तो सुमारे ३४-पट, २० अंशांना सुमारे ५७-पट. घरातील स्वयंपाकाच्या गॅसचेही असेच आहे. टाकी जवळजवळ संपेपर्यंत शेगडीची ज्योत सारखीच राहते आणि किती गॅस उरला ते वजनावरूनच कळते. म्हणून अशा सिलिंडरचा दाबमापक साठ्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय भराभर गोळ्या झाडल्या की द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, सिलिंडर गारठतो, त्यावर दव आणि हिम धरते, आणि दाब घसरतो. यास अडथळा समजून नळ्या उघडीत बसणे व्यर्थ होय. काही वेळ थांबले की दोष आपोआप जातो, आणि तीच त्याची ओळख.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली असे सिद्ध केले की सुमारे ३१ अंशांवर कार्बन डायॉक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही. हे त्याचे क्रांतिक तपमान. तेथे दाब सुमारे ७३-पट असतो. जबलपुरात, नागपुरात किंवा अकोल्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे या प्रदेशातील उन्हाळी दुपारी सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, आणि वायू कोंडला गेल्याने दाब झपाट्याने चढतो. याचकरिता अशा सिलिंडरात त्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांशाइतकाच वायू भरतात, आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास फुटून वायूला वाट देणारी एक पातळ चकती तोंडाशी बसवितात. ती चकती काढून जाड चकती घालणे म्हणजे सुधारणा नव्हे. तो आत्मघात होय.

नेमबाजीच्या रायफलींनीही हाच प्रवास केला आहे. स्प्रिंगच्या रायफलींनंतर कार्बन डायॉक्साइडच्या आल्या, आणि तपमानाबरोबर वेग बदलतो म्हणून त्यांची जागा पुढे दाबलेल्या हवेने घेतली. २००३ साली मिलान येथे विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अंजली भागवत, किंवा २०२२ साली कैरो येथे जगज्जेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, यांच्या क्रीडाप्रकारात प्रत्येक छऱ्याला तोच वेग मिळणे हे प्राणभूत आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांपलीकडे गेलेली नाही, हे पाहण्याची जबाबदारी स्वतः नेमबाजावर असते.

जीवावर बेतणारी चूक

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरीस सांगतो. सव्वा लिटरहूनही लहान अशा एका सिलिंडरात दोनशे-पट दाबाने हवा भरली, तर तीत साठणारी ऊर्जा सुमारे ४० हजार ज्यूल असते. एक टन वजन चार मीटर उचलण्यास ती पुरेल. सिलिंडर आणि त्याच्या तोंडावरील झडप हे दोन वेगळे भाग आट्यांनी जोडलेले असतात. बंदुकीतून सिलिंडर काढताना कधी कधी झडप बंदुकीतच राहते आणि सिलिंडर एकटाच झडपेपासून सुटू लागतो. शेवटचा आटा सुटला म्हणजे तो अग्निबाणासारखा उडतो. परदेशात अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

यावर उपाय किती साधा! झडप आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर रंगाची एक आडवी रेघ ओढावी. सिलिंडर फिरविताना रेघेचे दोन्ही तुकडे बरोबर फिरले, तर काम योग्य चालले आहे. रेघ तुटली, तर हात तत्काळ थांबवावा आणि सिलिंडर जाणत्या कारागिराकडे न्यावा. झडप स्वतः खोलण्याचे धाडस कोणीही करू नये. हवेच्या उच्च दाबाच्या भागात खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण एकाएकी दाबल्याने तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. आणि हवेऐवजी प्राणवायू तर कधीही भरू नये.

भारतात वायूच्या सिलिंडरांसंबंधी २०१६ चे नियम लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सिलिंडरची ठरावीक मुदतीने चाचणी करावी लागते. ही चाचणी हवेने न करता बहुधा पाण्याने करतात. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, म्हणून त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. चाचणीत सिलिंडर तडकलाच, तर पाणी बाहेर सांडते आणि दाब क्षणात नाहीसा होतो. हवा मात्र स्फोट करते.

कारंजे पाहून मूलही हसते, कारण दाबलेले पाणी आपली शक्ती उघडपणे, डोळ्यांदेखत खर्च करते. दाबलेली हवा मूक असते. ती दिसत नाही, तिला रंग नाही, वास नाही. म्हणून तिच्याशी व्यवहार करणाऱ्याने काट्यावर, साबणाच्या बुडबुड्यावर आणि रंगाच्या रेघेवर विसंबावे, अंदाजावर नव्हे. प्रथम पाहावे, मग मोजावे, मग विचार करावा, आणि सर्वांत शेवटी पाना हाती घ्यावा.